साडूंचं तळं आणि परदेशी पाहुणे

अख्ख्या सुरतेत माझ्या साडूंइतका आंतरराष्ट्रीय माणूस दुसरा नाही. इथल्या हिरेवाल्यांचे लागेबांधे बेल्जियमपर्यंत असतात, साडीवाल्यांचे दुबईपर्यंत. पण त्या ओळखी व्यवहारापुरत्या. साडूंचा जीव मात्र कझाकस्तान, मंगोलिया, सैबेरिया अशा मुलुखांत गुंतलेला आहे, जे मला नकाशावर बोट फिरवूनही चटकन सापडत नाहीत, आणि मी तर जन्मभर महानगरपालिकेच्या मराठी शाळेत भूगोल शिकवला. तिकडची मंडळी दर हिवाळ्यात साडूंकडे मुक्कामाला येतात. ही मंडळी म्हणजे बदकं आहेत, ही गोष्ट साडूंच्या लेखी अगदीच किरकोळ आहे. दिवाळीचा फराळ संपत आला की ते सकाळचा चहा हातात धरून मोबाइलवर कझाकस्तानचं हवामान बघतात आणि गंभीरपणे जाहीर करतात, "तिकडे तळी गोठायला लागली. आता निघतील." हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी बायको घाईघाईने किती माणसांचा स्वयंपाक लागेल ते विचारायला आत गेली होती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. साडूंची हयात पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, साड्यांना रंग देण्यात गेली. अजूनही त्यांच्या नखांच्या कडा किंचित निळसर दिसतात. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या कमिटीत शिरतात, नाहीतर शेअर बाजारात. साडू डिंडोलीतल्या त्यांच्या सोसायटीमागच्या तळ्यात शिरले, तेही अक्षरशः, गुडघ्याएवढ्या चिखलात. ते तळं दिसायला काही कौतुकाचं नाही. एका अंगाला म्हशी डुंबतात, दुसऱ्या अंगाला पडक्या बांधकामांचा मलबा आणून टाकणारे ट्रॅक्टर उभे असतात आणि मधल्या भागात पाणकणीस, लव्हाळी आणि शेवाळ यांचं असं रान माजलेलं, की पाणी कुठं संपतं आणि जमीन कुठं सुरू होते ते म्हशींनाही कळू नये. साडूंना त्यात स्वर्ग दिसला. चिखलाला चिखल म्हटलेलं त्यांना खपत नाही. "मास्तर, तो चिखल नाही, ते त्यांचं स्वयंपाकघर आहे," असं ते मला बजावतात, आणि मग तेच स्वयंपाकघर पायांना लावून अक्कांच्या पुसलेल्या फरशीवरून न्हाणीघरात जातात. त्यावरून त्या घरात जे काही व्हायचं ते आजवर अनेकदा झालेलं आहे.

हिवाळ्यात साडू कुठल्याही लग्नाला जात नाहीत. "घरी पाहुणे आहेत," असं ते पत्रिका देणाऱ्याच्या तोंडावर सांगतात. अमळनेरच्या एका व्याह्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, की पाहुण्यांनाही घेऊन या, बस करतो आपण. साडूंनी ही गोष्ट आनंदाने सगळ्यांना सांगितली. व्याही अजून बोलत नाहीत. पण ज्या गृहस्थाच्या घरून आजतागायत एकही माणूस न जेवता परतलेला नाही, तोच गृहस्थ पक्ष्यांना खाऊ घालण्याच्या मात्र कडाडून विरुद्ध आहे. थंडीत तापीवर कुरव पक्षी उतरतात आणि आमचे सुरती लोक त्यांना शेव-गाठिये टाकतात. साडूंना हे दिसलं की ते तडक मध्ये पडतात. एका रविवारी ते मला, लोचो खाऊ घालतो अशी लालूच दाखवून, पुलावर घेऊन गेले. तिथे ट्रॅकसूट घातलेला एक गोल चेहऱ्याचा शेठ मूठमूठ गाठिये हवेत उडवत होता. साडू हात जोडून म्हणाले, "भाई, एने तेलवाळुं ना आपो. बिचाराने घेर जवानुं छे." तेलकट खाऊन पक्षी घरी उडत जाणार कसे, हा त्यांचा मुद्दा. शेठ दुखावला. "काका, पुण्य करवा दो ने," तो म्हणाला, आणि साडू ऐकेनात तेव्हा पुडा त्यांच्या हातात कोंबून म्हणाला, "तो पछी तमे ज खाओ!" साडूंनी तिथेच, नदीकडे पाठ करून, तो अख्खा पुडा संपवला. लोचो राहिलाच, आणि संध्याकाळी अक्का ताक घेऊन त्यांच्या उशाशी बसल्या होत्या.

साडूंच्या या वेडाला जागतिक पाठिंबा आहे, हे मला फार उशिरा कळलं. पक्ष्यांच्या वाटेवरच्या पाणथळ जागा राखायच्या म्हणून देशोदेशीची माणसं एकत्र काम करतात, आणि संगणकावर त्यांच्या सभाही भरतात. अशाच एका सभेत अहमदाबादच्या एका कार्यकर्तीने साडूंना बसवून दिलं. इंग्रजी बेताचं, पण सभेला उशिरा जाणं आणि मधूनच उठणं हा त्यांच्या मते यजमानांचा अपमान. त्यामुळे वर इस्त्रीचा सदरा, खाली लुंगी अशा थाटात ते शेवटपर्यंत ताठ बसतात आणि पडद्यावर नवा चेहरा उगवला की त्याला नमस्कार करतात. एकदा त्यांना बोलायची संधी मिळाली. त्यांनी आपल्या तळ्याचं पाणकणीस किती दाट आहे ते तोडक्यामोडक्या इंग्रजीत आणि भरपूर हातवाऱ्यांनी सांगायला घेतलं, तेवढ्यात आतून अक्कांचा अहिराणी आवाज आला, "आंग धोवानं पानी थंड व्हई राहिनं, तुमनी मीटिंग सरनी का नही?" हा प्रश्न निरनिराळ्या खंडांत एकाच वेळी ऐकू गेला. उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातल्या एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई त्यावर खळखळून हसल्या आणि त्या दिवसापासून साडूंना ओळखू लागल्या.

इराणात समुद्रकाठच्या एका गावी जगभरच्या देशांनी मिळून पाणथळ जागा राखण्याचा करार केला, ही हकिगत साडू माझ्याजवळ जितक्या वेळा बोलले तितक्या वेळा मी शाळेत राष्ट्रगीतही म्हटलं नसेल. "एकमेकांचं तोंड न बघणारे देश, मास्तर! पण बदकांसाठी एका सतरंजीवर बसले," असं म्हणताना त्यांचा आवाज अजूनही ओला होतो. मी त्यांची चेष्टा करत असे. देशांचं जाऊ द्या, तुमच्या सोसायटीच्या पाण्याच्या मोटरवरून दोन मजले एका सतरंजीवर बसतात का, असं विचारत असे. साडू हसत, पण त्यांची नजर तळ्याच्या मलब्याच्या बाजूला वळे. दर उन्हाळ्यात मलबा पुढे सरकत होता आणि पाणी मागे. अर्ज झाले, फोन झाले. ट्रॅक्टर थोडे दिवस थांबत आणि पुन्हा येत. आणखी काही उन्हाळे गेले असते, तर तिथे प्लॉट पडले असते.

अशात गेल्या वर्षी एक आशा उगवली. संगणकावरच्या सभांतल्या त्या परदेशी मंडळींच्या एका कार्यक्रमातून दक्षिण गुजरातेतलं एखादं छोटं तळं निवडून, सरकारच्या मदतीने त्याची हद्द आखून, ते राखायचं ठरलं होतं. पाहणीच्या जागांत साडूंचं तळं होतं. म्हणजे पसंत पडलं तर मलबा कायमचा बंद. पाहणीला त्याच पांढऱ्या केसांच्या बाई येणार होत्या. साडूंचा चेहरा मुलीला बघायला पाहुणे येणार असलेल्या बापासारखा झाला. बेत पक्का करायला ते अहमदाबादला गेले आणि निघताना सोसायटीत सगळ्यांना सांगून गेले, की परदेशी पाहुणे आपलं तळं बघायला येणार आहेत, आपली लाज राखा. एवढंच सांगून गेले. माझ्या मते त्यांनी आयुष्यात केलेली ही एकमेव चूक, कारण खानदेशी घरातल्या बाईला पाहुणे येणार आणि लाज राखा एवढं सांगितलं, की पुढे ती काय करील हे कुणीही सांगू शकेल.

अक्कांनी भिशीच्या सगळ्या बायका जमवल्या. विळे आले, कोयते आले, रात्रपाळी करून आलेले लूम कारागीर न झोपता मदतीला उतरले. दिवसभर खपून त्यांनी ते सगळं रान कापलं, मुळांपर्यंत हात घालून उपटलं, शेवाळ घमेल्यांनी काढलं आणि काठावर ढीग करून पेटवून दिलं. दगडांना चुना लावला. काठावर रांगोळी घातली, दोन बांबू रोवून त्यांना झेंडूचं तोरण बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुभाषा म्हणून मी तिथे पोचलो, तर तळं घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं लख्ख दिसत होतं. आता जिथे काही लपायला जागाच नव्हती, तिथे एकही पक्षी नव्हता. पण खरं सांगायचं तर माझ्या ते ध्यानातही आलं नाही. मला वाटलं, वा! अक्का नव्या साडीत, ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. लव्हाळ्याच्या पात्यांनी त्यांची बोटं चिरली होती आणि त्यांवर जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. "मास्तर, आता ह्यास्नी मान खाले जावाव नही," त्या मला म्हणाल्या.

गाडी आली. आधी साडू उतरले. मी त्यांना इतक्या वर्षांत रागावलेले पाहिलेत, आजारी पाहिलेत, त्यांच्या आईच्या तिरडीजवळ पाहिलेत. पण तो चेहरा मी पुन्हा पाहू इच्छित नाही. पांढऱ्या केसांच्या बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली, सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि खाली घेतली. मग त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, की हे कुणी केलं. मी साडूंकडे वळून तो प्रश्न मराठीत सांगितला. साडूंनी एकदा अक्कांकडे पाहिलं. अक्का कौतुक ऐकायला मान थोडी तिरकी करून उभ्या होत्या. "सांगा त्यांना," साडू म्हणाले, "मीच करायला सांगितलं होतं." ज्या माणसाने सभेत त्याच पाणकणसाचं गुणगान केलं होतं, त्याचं हे उत्तर ऐकून बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांची नजर अक्कांच्या बोटांवरच्या चिंध्यांवर गेली. त्या पुढे झाल्या, वाकून ओवाळून घेतलं, तळं फार सुंदर आहे असं म्हणाल्या आणि अक्कांनी वाढलेल्या पुऱ्या-भाजीवर मनापासून ताव मारला. जगात सगळीकडे शहाणी माणसं असतात, हे मला त्या दिवशी पटलं.

नंतर अहमदाबादहून फोन आला, तेव्हा मी साडूंच्या शेजारीच बसलो होतो. दुसरं तळं निवडलं होतं. साडूंनी बरं म्हटलं, आभार मानले आणि स्वयंपाकघराच्या दिशेने मोठ्याने सांगितलं, "त्यांना आणखी मोठं तळं पाहिजे होतं!" तो सगळा हिवाळा ते तळ्यावर गेले नाहीत. कझाकस्तानचं हवामानही बघेनासे झाले. लग्नांना मात्र जाऊ लागले आणि प्रत्येक मांडवात अक्का बायकांना सांगत, की परदेशी बाईने तळ्याची स्वच्छता बघून तोंडात बोट घातलं. शेजारी बसलेले साडू मान डोलवत. मला ते बघवत नसे. एकदा मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, की अहो, खरं सांगून टाका एकदाचं. ते म्हणाले, "मास्तर, नोकरीत असताना सणावारालाही मी घरी नसायचो. तिने कधी म्हणून काही मागितलं नाही. एक दिवस माझ्यासाठी त्या चिखलात उतरली, ज्या चिखलाची तिला शिसारी आहे. काय सांगू तिला?"

पण यंदा दसरा झाल्यावर पेच पडला. पावसाळ्याने आपलं काम केलं होतं. राहिलेल्या मुळांतून पाणकणीस पुन्हा फुटलं होतं, पूर्वीच्या निम्मं असेल, पण उभं होतं. आणि अक्कांनी भिशीत ठराव मांडला, की पुन्हा साफसफाई करायची, गेल्या वर्षीपेक्षा कसून करायची. मोठं तळं नाही तर नाही, पण आपण आणखी चकचकीत करून दाखवू, फोटो पाठवू, मग ते लोक स्वतःहून येतील. दिवसही ठरला. नवऱ्याचं हुकलेलं मागणं परत मिळवून द्यायचं, असा त्यांचा हट्ट होता. साडू माझ्याकडे आले. पायरीवरच बसले. "तुम्ही सांगा तिला," म्हणाले. मी म्हणालो, बायको तुमची, तळंही तुमचं, मला मध्ये घालू नका. फार तर सोबत येतो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिघं तळ्यावर गेलो. अक्का कुरकुरत होत्या, की साफ करायच्या आधी काय बघायचं असतं त्यात. साडूंनी त्यांना घडीच्या खुर्चीवर बसवलं, दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि पाणकणसाच्या एका झुबक्याकडे बोट केलं. बराच वेळ काही दिसेना. मग पाती हलली आणि एक जांभळी पाणकोंबडी, लाल पायांची, लांब बोटं उचलून टाकत बाहेर आली. तिच्यामागे काळ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी पिल्लं. आईने मोडून दिलेल्या देठाचा गाभा एक पिल्लू खात होतं. म्हैस फुरफुरली, तशी सगळी पुन्हा त्या झुबक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. अक्कांनी दुर्बीण खाली घेतली. त्या हुशार बाई आहेत, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"यास्नं घर शे हाई?" त्यांनी विचारलं.

साडूंनी मान हलवली.

"म्हनजे गया साल आपन यास्नं घर उपटी टाकं." त्या खुर्चीवरून उठल्या. मग त्यांचा आवाज चढला. "आनि त्या बाईले हाई दिसनं व्हतं. म्हनीसन त्या परत उनात नही. आनि तुम्ही वरीसभर मान डोलावत बसनात! बोलनात का बरं नही?"

साडू पाण्याकडे बघत म्हणाले, "तू मनासाठे करेल व्हतं."

अक्का रडल्या, आणि रडता रडता त्यांनी साडूंना भरपूर बोल लावले. मी तेवढ्या वेळात म्हशींची पाहणी करून आलो. त्याच संध्याकाळी त्यांनी भिशीत उभं राहून सांगितलं, की यंदा तळ्याला कुणी हात लावायचा नाही, गेल्या वर्षी माझी चूक झाली, आणि ती कशी झाली तेही सगळं सांगितलं. बायका आधी हसल्या, मग त्यांनी साफसफाईचा ठरलेला दिवस रद्द केला. आता दुपारची कामं आटोपली की त्यांच्यातल्या कुणी ना कुणी भाजी निवडायला तळ्याकाठी बसतात आणि मलब्याचा ट्रॅक्टर दिसला की उठून समोर उभ्या राहतात. त्यामुळे तळं वाचेल असं मी म्हणत नाही. ट्रॅक्टरवाले बायकांच्या स्वयंपाकाच्या वेळा शिकून घेतील, एवढा अनुभव मला आहे.

गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा नवराबायको दोघंही काठावर होती. पाण्यावर थापट्या बदकांची एक लहानशी ओळ उतरली होती. पूर्वी पाणी झाकून जाई इतकी असत, आता मोजकीच. साडू नेहमीच्या उत्साहाने अक्कांना सांगत होते, की ही कुठून निघतात, कुठले डोंगर ओलांडतात, वाटेत कुठे कुठे टेकतात, आणि तीच बदकं त्याच तळ्यावर कशी परत येतात. अक्का पदर खांद्यावर घट्ट ओढून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "इतल्या लांबून उडी येतस, आनि गया साल आठे काहीच नव्हतं. मंग त्या कोठे गया व्हतीन?"

पक्ष्यांबद्दल काहीही विचारा, साडूंजवळ उत्तर तयार असतं, आणि ते मागितल्यापेक्षा लांबच असतं. मी ऐकायच्या तयारीने खुर्ची जवळ ओढली. साडू त्या ओळीवरची नजर न काढता म्हणाले, "माहीत नही."